एस्पेरांतो : डॉक्टरने बनवली आणि सोडून दिली

मिरजेतल्या कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी तासभर बसा. काउंटरवरची मुलगी केसपेपर लिहिताना मराठीत नाव विचारते. समोरच्या आजी नुसत्याच बघत राहतात. मग ती कन्नडमध्ये "हेसरेन्री?" म्हणते आणि आजींचा चेहरा खुलतो. अथणीचे, जमखंडीचे, जतचे, तासगावचे पेशंट एकाच बाकावर बसलेले असतात. मागे कुणीतरी दखनीत डॉक्टर कधी येणार म्हणून चौकशी करत असतं. त्या मुलीला तीन भाषा कुणी शिकवलेल्या नाहीत. काम करता करता तिच्या तोंडात बसल्या आहेत, आणि पगारात त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

एस्पेरांतो ही कृत्रिम भाषा बनवणारा ल्युडविक झामेनहोफ हाही डोळ्यांचाच डॉक्टर. जन्म १८५९ चा, ब्यालिस्टोकचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. गावात पोलिश, रशियन, जर्मन आणि यिद्दिश बोलणारे ज्यू असे चार समाज होते, आणि चौघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. झामेनहोफ स्वतः ज्यू. लहानपणी रस्त्यावर जे बघितलं त्यावरून त्याच्या मनानं घेतलं की माणसं एकमेकांना परकी वाटतात याचं मोठं कारण भाषा आहे. कुणी दुसऱ्याची भाषा शिकला तर त्याला कमीपणा वाटतो. मग दोघांनी मिळून तिसरीच शिकावी. ती कुणाचीच नको, आणि इतकी सोपी हवी की कामधंदा सांभाळून येईल.

या निदानातला अर्धा भाग मला भोळा वाटतो. आपला सीमाप्रश्न घ्या. दोन्ही बाजूंना एकमेकांचं म्हणणं अक्षरन् अक्षर समजतं, तरी भांडण आहेच. पण दुसरा अर्धा भाग विचार करण्यासारखा आहे: मधली भाषा नेहमी बलवानाचीच का असावी?

शाळेत असतानाच, १८७८ मध्ये, त्याने पहिला आराखडा तयार करून वर्गमित्रांना दाखवला. पुढे डॉक्टरकी शिकत शिकत तो बदलत नेला. १८८७ च्या जुलैत वॉर्सामध्ये रशियन भाषेत एक लहानसं पुस्तक निघालं. छपाईचा खर्च सासऱ्यांनी उचलला. पुस्तकावर लेखकाचं नाव होतं 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा करणारा डॉक्टर. लोकांनी हे टोपणनावच भाषेला चिकटवून टाकलं.

आता ही भाषा चालते कशी ते बघू. पुस्तकात व्याकरणाचे सोळा नियम होते आणि शब्दांची मुळं साधारण नऊशे. एवढ्यात भाषा कशी होते? मुळाला शेपूट लावून. नामाच्या शेवटी 'ओ', विशेषणाच्या शेवटी 'आ', क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ए'. क्रियापदाला वर्तमानात 'आस', भूतकाळात 'इस', भविष्यात 'ओस'. 'विदी' म्हणजे पाहणे. 'मी विदास' म्हणजे मी पाहतो, 'मी विदिस' म्हणजे मी पाहिलं, 'मी विदोस' म्हणजे मी पाहीन. हो, एस्पेरांतोतही मीला 'मी'च म्हणतात. आणि बोलणारा पुरुष असो की बाई, क्रियापद हलत नाही. मी पाहतो, मी पाहते, तू पाहतोस, ते पाहतात या सगळ्यांना एकच 'विदास'. 'करणे'चं 'केलं' आणि 'जाणे'चं 'गेला' का होतं, असल्या प्रश्नांना तिथे जागाच नाही. नियमाला अपवाद म्हणून एकही क्रियापद नाही.

दगड तो, वीट ती आणि घर ते, ही आपली वाटणी परप्रांतीयांना रडवते. एस्पेरांतोत वस्तूंना लिंग नाही. तू आणि तुम्ही यांतही फरक नाही. सासऱ्यांना 'वी' आणि पोरालाही 'वी'. आपल्याकडच्या माणसाला हे पहिले काही दिवस जड जातं.

खरी गंमत शब्द जोडण्यात आहे. 'साना' म्हणजे निरोगी. 'माल' हा उपसर्ग अर्थ उलटा करतो, म्हणून 'मालसाना' म्हणजे आजारी. 'उल' म्हणजे तशा गुणाचा माणूस, म्हणून 'मालसानुलो' म्हणजे आजारी माणूस. 'एय' म्हणजे जागा, आणि 'मालसानुलेयो' म्हणजे दवाखाना. मिरज शहराचं वर्णन करायला हा एक शब्द पुरेसा आहे. पुढे जा. 'ओकुलो' म्हणजे डोळा. 'इस्त' हा प्रत्यय धंदा सांगतो, तेव्हा 'ओकुलिस्तो' म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर, झामेनहोफची स्वतःचीच पाटी. 'वित्रो' म्हणजे काच. मग 'ओकुलवित्रोय' म्हणजे काय ते सांगायला नको, शेवटचा 'य' अनेकवचनाचा आहे एवढं लक्षात ठेवा. चष्म्याला दोन काचा असतात. अशी मोजकी चाळीसेक उपसर्ग-प्रत्ययांची शिदोरी घेतली की नऊशे मुळांतून हजारो शब्द तयार होतात, आणि पूर्वी कधीच न ऐकलेला शब्दही ऐकणाऱ्याला उलगडतो. संस्कृतवर वाढलेल्या भाषेच्या माणसाला ही कल्पना नवी नाही. नवी आहे ती शिस्त, की प्रत्ययाचा अर्थ सहसा बदलत नाही.

मराठी माणसाला आणखी दोन गोष्टी आयत्या मिळतात. पहिली उच्चाराची. एस्पेरांतोत एका अक्षराचा एकच उच्चार, लिहिलं तसं वाचायचं, जोर नेहमी शब्दातल्या शेवटून दुसऱ्या स्वरावर. त्यात 'च'साठी दोन वेगळी अक्षरं आहेत. 'चार गाई'मधला च वेगळा आणि 'गाईला चारा'मधला च वेगळा, हे इंग्रजी माणसाला समजवायला वेळ लागतो. आपल्या तोंडात दोन्ही तयार आहेत. फक्त 'चि' म्हणताना आपली जीभ आपोआप टाळूकडे जाते, तिथे तिला थोडं आवरावं लागतं. वैद्य या अर्थाचा शब्द 'कुरात्सिस्तो' आहे, 'कुराचिस्तो' नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. कुठे-तिथे, केव्हा-तेव्हा, कसा-तसा, किती-तितका. 'क'ने प्रश्न, 'त'ने उत्तर. झामेनहोफने नेमका असाच तक्ता बांधला. किए म्हणजे कुठे, तिए म्हणजे तिथे, चिए सगळीकडे, इए कुठेतरी, नेनिए कुठेच नाही. किआम म्हणजे केव्हा, तिआम तेव्हा, चिआम नेहमी, इआम कधीतरी, नेनिआम कधीच नाही. पाच सुरुवाती आणि नऊ शेवट, असे पंचेचाळीस शब्द एका कागदावर मावतात. युरोपातले विद्यार्थी हा तक्ता भिंतीला लावून घोकतात. आपल्याला तो ओळखीचा वाटतो, कारण दूरचं नातं आहेच. आपल्या भाषेची आणि युरोपातल्या बऱ्याच भाषांची आजी एकच.

अडचण शब्दसंग्रहाची. झामेनहोफने मुळं घेतली ती लॅटिन, फ्रेंच, जर्मन, रशियन, पोलिश अशा भाषांतून. पाण्याला 'आक्वो', घराला 'दोमो', पुस्तकाला 'लिब्रो'. इटालियन माणसाला हे फुकटात मिळतं. सांगलीच्या किंवा कोरियातल्या सोलच्या माणसाला पाठ करावं लागतं. 'जगाची भाषा' म्हणवणाऱ्या भाषेत आशियाचा आणि आफ्रिकेचा वाटा नगण्य आहे, हा आक्षेप जुना आहे आणि माझ्या मते खरा आहे. आईसाठी स्वतंत्र मूळ नाही, वडिलांच्या 'पात्रो'ला 'इन' लावून 'पात्रिनो' करायचं, यावरही पुष्कळ वाद झालेत. तरी कोरियन, जपानी, चिनी लोक ही भाषा नेटाने शिकत आले आहेत. चीनच्या सरकारी रेडिओची एस्पेरांतो सेवा १९६४ मध्ये सुरू झाली. त्यांचं गणित सरळ आहे: मुळं परकी असली तरी व्याकरण काही दिवसांत येतं, आणि इंग्रजीचं स्पेलिंग जन्मभर छळतं.

व्याकरणात एकच जागा अशी आहे जिथे जवळजवळ सगळेच अडखळतात. कर्माला 'न' लावायचा. 'ला कातो मांजास ला मूसोन' म्हणजे मांजर उंदीर खातं (इथला 'ला' इंग्रजीतल्या 'द'सारखा). शब्द उलटेपालटे केले, 'ला मूसोन मांजास ला कातो' म्हटलं, तरी खाणारं मांजरच, कारण 'न' उंदराला लागलाय. आपण मराठीत कर्माला 'ला' लावतो तो कधी लावतो, कधी नाही. इथे नाही म्हणायची सोय नाही. जुनेजाणते एस्पेरांतो बोलणारेही घाईत हा 'न' गिळतात.

एवढी यंत्रणा समजली तरी मुख्य प्रश्न राहतोच. कृत्रिम भाषा शेकड्यांनी बनल्या आणि कागदावरच संपल्या. हीच का जगली? सोपी होती म्हणून, असं उत्तर नेहमी दिलं जातं. मला ते पटत नाही, कारण तिच्याहून सोप्या भाषाही मेल्या. सोपेपणाहून मोठी गोष्ट कोणती ते कळायला तिच्या आधीची व्होलाप्युक बघा. योहान मार्टिन श्लायर या जर्मन पाद्र्याने ती १८७९-८० मध्ये काढली. काही वर्षांत युरोपभर मंडळं निघाली, नियतकालिकं निघाली, १८८९ मध्ये पॅरिसला भरलेलं संमेलन त्याच भाषेत झालं. मग लोक म्हणू लागले की हे थोडं सोपं करू या, ते बदलू या. श्लायरचं म्हणणं, भाषा माझी, शेवटचा शब्द माझा. भांडणं लागली, गट पडले, आणि पाहता पाहता सगळा डोलारा बसला.

झामेनहोफने पहिल्याच पुस्तकात उलट केलं. आंतरराष्ट्रीय भाषा ही कुठल्याही भाषेसारखी समाजाची मालमत्ता आहे, आणि मी तिच्यावरचे सगळे व्यक्तिगत हक्क कायमचे सोडतो, असं त्याने लिहून टाकलं. त्याच पुस्तकात कापून पाठवायची कुपनं होती: एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन. कोटी कधी झालेच नाहीत. पण जी उत्तरं आली त्यांतल्या पुष्कळांनी अटच झुगारली आणि शिकून मोकळे झाले. १८८९ मध्ये त्याने हजार जणांचे पत्ते छापले. कोटीच्या मागे लागलेल्या माणसाच्या हातात हजार आले, आणि गाडी त्या हजारांवरच चालली. ते एकमेकांना पत्रं लिहू लागले. भाषेला पहिल्यांदा बोलणारे मिळाले ते असे, टपालातून.

मालकी सोडली म्हणजे भाषा वाऱ्यावर सोडली असं मात्र नाही. १८९४ मध्ये सुधारणांवर मतदान घेतलं तेव्हा बहुमत 'आहे तीच राहू द्या'च्या बाजूचं निघालं. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-सुर-मेर या बंदराच्या गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं, ६८८ लोक आले. वेगवेगळ्या देशांतली माणसं पुस्तकातून शिकलेल्या भाषेत खरंच बोलू शकतील का, ही धाकधूक होती. बोलली, आणि नाटकसुद्धा केलं. तिथेच ठरलं की मूळ सोळा नियम, नमुन्याची वाक्यं आणि शब्दकोश हा पाया कुणीही, अगदी झामेनहोफनेही, हलवायचा नाही. त्यावर नवे शब्द वापरातून येतील तसे येऊ द्यायचे.

दोनच वर्षांत याची परीक्षा झाली. पॅरिसमध्ये विद्वानांची एक समिती आंतरराष्ट्रीय भाषा निवडायला बसली. लुई द बोफ्रों तिथे एस्पेरांतोची बाजू मांडायला गेला. समितीपुढे एका निनावी लेखकाचा सुधारित आराखडा आला, डोक्यावर टोपीसारखी खूण असलेली अक्षरं काढलेला, कर्माचा 'न' सैल केलेला. समितीला तो आवडला. तो आराखडा ज्याच्या नावावर पुढे लागला तो खुद्द बोफ्रों. 'इडो' नावाने ही नवी भाषा निघाली आणि बरेच पुढारी तिकडे गेले. साधे सभासद गेले नाहीत. त्यांनी पत्रमैत्री जमवली होती, मासिकं चालवली होती, त्यांना भाषा चांगली करण्यात फारसा रस नव्हता. इडो आजही आहे, थोडे लोक बोलतात. पुढाऱ्यांनी पक्ष बदलावा आणि कार्यकर्त्यांनी जागचं हलू नये, हे सांगली-साताऱ्याच्या वाचकाला वेगळं काय सांगायचं.

पुढचा काळ वाईट होता. राष्ट्रसंघात १९२० नंतर शाळांमध्ये एस्पेरांतो शिकवण्याचा विषय निघाला, तेव्हा फ्रान्सने तो हाणून पाडला. आंतरराष्ट्रीय भाषा आधीच आहे आणि ती फ्रेंच आहे, असं त्यांना वाटत होतं. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात एस्पेरांतोला ज्यूंच्या कटाचं साधन ठरवलं आणि १९३६ मध्ये जर्मनीतल्या संस्था बंद झाल्या. स्टालिनला परदेशांशी पत्रव्यवहार करणारी माणसंच नको होती. १९३७-३८ च्या धरपकडीत सोव्हिएत एस्पेरांतो चळवळ संपवली गेली, कित्येकांना गोळ्या घातल्या. दोन हुकूमशहा एकमेकांचे वैरी, पण या बाबतीत एकमत. सत्तेशिवाय, सीमेपलीकडे, परस्पर ओळखी करणारी माणसं दोघांनाही चालत नव्हती.

झामेनहोफ १९१७ मध्ये वारला, त्याला हे बघावं लागलं नाही. मुलांना लागलं. मुलगा आदाम, तोही डोळ्यांचा डॉक्टर, १९४० मध्ये नाझींच्या गोळीला बळी पडला. मुली झोफिया आणि लिदिया १९४२ मध्ये त्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारल्या गेल्या. लिदियाने युरोपात गावोगाव जाऊन एस्पेरांतोचे वर्ग घेतले होते. १९३७-३८ मध्ये ती अमेरिकेत शिकवत होती आणि तिथून पोलंडला परतली.

मग आज बोलणारे किती? याची शिरगणती कुणी केलेली नाही. अंदाज एक लाखापासून वीस लाखांपर्यंत जातात, म्हणजे अंदाज कुठले, मतंच ती. दुसऱ्या बाजूने बघितलं तर चित्र जरा स्पष्ट होतं. एस्पेरांतो विकिपीडियावर साडेतीन लाखांहून जास्त लेख आहेत. मराठी विकिपीडिया लाखाच्या आसपास आहे, आणि २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. हा आकडा वाचून मी काही वेळ गप्प होतो. थोडी माणसं, पण लिहिणारी माणसं.

जन्मापासून एस्पेरांतो बोलणारेही आहेत, हजारभर असावेत. वेगवेगळ्या देशांतले आई-बाप संमेलनात भेटतात, घरात तीच भाषा राहते, मुलं ती उचलतात. अशा मुलाला 'देनास्कुलो' म्हणतात. आपल्याकडच्या राजकारणात वेगळ्याच कारणाने गाजलेलं सोरोस हे आडनावही इथलंच. जॉर्ज सोरोसचे वडील तिवादार हंगेरीतले एस्पेरांतो लेखक. ज्यूद्वेष वाढला तेव्हा, १९३६ मध्ये, त्यांनी श्वार्ट्स हे आडनाव बदलून सोरोस घेतलं. वरचा नियम आठवा, शेवटी 'ओस' म्हणजे भविष्यकाळ. 'सोरोस' म्हणजे उंच झेपावेल.

भारतात ही भाषा कधी फोफावली नाही, पण एक धागा साताऱ्याच्या जवळून जातो. विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन १९१७ मध्ये वाईला आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांपाशी उपनिषदं, ब्रह्मसूत्रं शिकले. याच विनोबांनी पुढे, १९६० च्या सुमारास, भूदान पदयात्रेत भेटलेल्या तिबोर सेकेली या युगोस्लाव्ह प्रवाशाकडून एस्पेरांतोचे धडे घेतले. साठी उलटलेल्या, आधीच डझनभर भाषा येणाऱ्या माणसाने चालता चालता आणखी एक भाषा घ्यावी, यात विनोबांना ओळखणाऱ्याला नवल वाटणार नाही.

एस्पेरांतो अपयशी ठरली का, असं विचारलं जातं. सगळ्या जगाची दुसरी भाषा होणं हे ध्येय धरलं तर हो, साफ. ती जागा इंग्रजीने घेतली, आणि ती व्याकरणाच्या बळावर घेतली नाही. पण या भाषेच्या लोकांनी ते ध्येय कधीच बाजूला ठेवलं आहे. ते दरवर्षी जमतात. २०२४ चं जागतिक संमेलन टांझानियातल्या अरुशाला झालं, आफ्रिकेत पहिल्यांदाच. १९७४ पासून 'पास्पोर्ता सेर्वो' नावाची यादी आहे, त्यात जगभरची घरं आहेत जिथे तुम्ही फुकट राहू शकता. अट एकच, यजमानाशी एस्पेरांतोत बोलायचं. अशा जमावात आपल्या गाववाल्याशी आपल्याच भाषेत कुजबुजणं वाईट समजतात. त्याला 'क्रोकोदिली' म्हणतात, मगरीसारखं वागणं. लग्नात कोपरा धरून गावच्या पाहुण्याशीच बोलत बसणाऱ्याला आपण जे म्हणतो, त्यापेक्षा हे सौम्य आहे.

शिकायचं असेल तर 'लेर्नु' हे फुकट संकेतस्थळ २००२ पासून आहे. ड्युओलिंगोवर इंग्रजीतून शिकवणारा कोर्स २०१५ मध्ये आला. मी म्हणेन, सुरुवात वरच्या पंचेचाळीस शब्दांच्या तक्त्यापासून करा, मराठी माणसाला तो सगळ्यात लवकर बसतो. मग क्रियापदांचे तीन काळ, मग उपसर्ग-प्रत्यय, आणि कर्माचा 'न' शेवटी, तोवर चुकत राहिलात तरी समोरचा समजून घेतो. फोनवर टाइप करताना सहा अक्षरं अडवतात, पाचांच्या डोक्यावर टोपी आहे आणि एकावर वाटी. कीबोर्डमध्ये एस्पेरांतो निवडता येतो. नाही मिळाला तर साध्या अक्षरापुढे एक्स लिहितात. एक्स हे अक्षर एस्पेरांतोच्या वर्णमालेत नाहीच, त्यामुळे वाचणाऱ्याचा घोटाळा होत नाही.